लालतोंड्याची साक्ष

मी एक जुना लाकडी मुखवटा आहे. लाल रंगाचा, बटबटीत डोळ्यांचा, जाड मिशांचा. पुढच्या रांगेतला तो मुलगा माझ्या नाकपुडीत बोट घालतोय, त्याला आधी कुणीतरी मागे ओढा. तुमच्या बाईंनी तुम्हाला सानुरीच्या ओसरीवर रांगेत उभं केलंय आणि मी माझी हकिकत सांगावी अशी त्यांची इच्छा आहे. ठीक आहे. अशा वेळी ‘मित्रांनो’ म्हणायची रीत असते, म्हणून म्हणतो. मैत्री होते की नाही ते गोष्ट संपल्यावर बघू.

तर मित्रांनो, माझा जन्म याच तगालासिन गावातला, मिठागरांकडच्या आळीतला. दुराकमान नावाच्या कारागिराने मला घडवलं. मुखवटा कोरायला घेण्याआधी तो तीन दिवस कडक उपास करायचा आणि त्या तीन दिवसांत बायकोवर इतका खेकसायचा, की ती बिचारी माहेरी निघून जायची. माझ्या चेहऱ्यावर एवढा राग आला कुठून, असं लोक विचारतात. मला तरी तो उपाशी माणसाचा राग वाटतो.

दुराकमानने मला आतून इतकं पातळ कोरलं की उन्हात धरलं तर डोळ्यांखालच्या फटींतून उजेड आरपार जायचा. मग ओठांच्या मागच्या बाजूला त्याने चामड्याची एक पट्टी चार खिळ्यांनी ठोकली. मला दोरी नाही, की कानांत अडकवायला काही नाही. घालणाऱ्याने ती पट्टी दातांत घट्ट धरली की मी चेहऱ्यावर बसतो, दात सुटले की मी जमिनीवर. आमच्याकडचे सगळेच मुखवटे असे असतात. त्यामुळे मला घातलेला माणूस एक शब्द बोलू शकत नाही. रागवायचं, हसायचं, धमकावायचं, सगळं हातापायांनी. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, तेव्हा जास्त सांगत बसत नाही.

मला पहिल्यांदा दातांत धरलं ते मीमी रासितेमने. मीमी म्हणजे आई. पण नाचणाऱ्या बाईला सगळं गावच मीमी म्हणायचं. अंगाने ती एवढीशी, बाजारात टोपलीमागे उभी राहिली तर दिसायची नाही. पण मी तिच्या चेहऱ्यावर चढलो की गर्विष्ठ राक्षसराजा क्लाना उभा राहायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीत तोंड लपवायची. कापणी झाली की ती दारोदार नाचायला निघायची. दारात आलेल्या मुखवट्याला अंगण नाकारायचं नाही, ही इथली रीत आहे. मोठ्यात मोठ्या माणसाचं फाटकही तिला उघडावं लागायचं. तीस वर्षं मी तिच्या दातांत काढली. लोकांनी मला फुलं वाहिली, धूप दाखवला, नजर लागू नये म्हणून पोरांना माझ्यासमोर आणून निजवलं.

मग लग्नांत विजेवरचा बाजा आला आणि चमकत्या कपड्यांतल्या गायिका आल्या. मीमीला कुणी बोलावेनासं झालं. मी तांदळाच्या पेटीत जाऊन पडलो. तिथे झुरळांनी माझ्या मिशांचा डिंक चाटून खाल्ला. त्या दिवसांबद्दल मला कुणाचीही कीव नको आहे.

मीमीचा मुलगा कादमिरा वकील झाला होता. बाजाराच्या चौकात, औषधाच्या दुकानावर त्याची कचेरी होती. बोलणं असं की ऐकत राहावं. पण कोर्टात त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. मिठागरांच्या एका मुकादमाने चाळीस मजुरांची ओळखपत्रं कपाटात कोंडून ठेवली होती, म्हणजे कुणी काम सोडून जाऊ नये. कादमिराने खटला भरला आणि हरला. त्याच महिन्यात मीमी वारली. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, पाहुणे गेले, आणि कादमिराने तांदळाची पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुकादमाच्या अंगणात एक क्लाना नाचत शिरला. नाकारता येईना. बायकापोरं गोळा झाली. क्लाना नाचत नाचत पायऱ्या चढला, घरात गेला, कपाटाला कमरेने धक्का दिला, लोक पोट धरून हसले, आणि क्लाना नाचत बाहेर पडला तेव्हा चाळीस ओळखपत्रं त्याच्या कमरपट्ट्यात होती. लोकांनी त्याला नाव दिलं लालतोंड्या. ते घर धरून तीन वर्षांत अकरा घरं झाली. कुठे बनावट कागद उचलले, कुठे दडपलेले कागद मालकाच्या दारात टाकले. आणि एकदा, फक्त एकदा, त्याने एका माणसाला वेताने मारलं. तो माणूस पडल्यावरही मारलं. त्या दिवशी त्याने पट्टी इतक्या जोरात चावली की चामड्याचा एक कोपरा फाटला. मी दिसायला रागीट आहे, पण त्या दिवशी मला त्याची भीती वाटली. मला मीमीची आठवण आली. तिने कधी मला असं चावलं नव्हतं.

मग तारकिनी आली. पंचवीस वर्षांची, कायद्याची पदवी घेतलेली, काम शिकायला कादमिराच्या कचेरीत लागलेली. तिसऱ्याच आठवड्यात तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि मला बाहेर घेतलं.

“पाक, हे काय आहे?” साहेबांना आमच्याकडे पाक म्हणतात.

“आईची आठवण आहे ती. ठेव परत.”

“आई जाऊन तीन वर्षं झाली. चामडं तर ओलं आहे.” तिने मला उलटं धरलं. “आठवण काढली की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं वाटतं?”

कादमिराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नोक,” तो पोरीला म्हणावं तसं म्हणाला, “तू इथे शिकायला आली आहेस. फायली लाव.”

“लावते की. कुठल्या नावाने लावू? कादमिरा, का लालतोंड्या?”

त्याने समोरची फाईल ओढून तिच्यात डोकं घातलं. ती मात्र बोलली, आणि बराच वेळ बोलली. कायदा शिकलेल्या माणसाने हे माकडचाळे करावेत याची तिला लाज वाटत होती. चोरून आणलेला कागद कुठल्याही कोर्टात उभा राहत नाही, आणि उद्या कुणी खरा चोर हाच मुखवटा घालून आला तर काय करणार, असं तिने विचारलं. मला ती मुळीच आवडली नाही. पण त्या शेवटच्या प्रश्नावर कादमिराने मान खाली घातली हे मी पाहिलं.

चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, जुरागान दुलमानानच्या मिठाच्या गोदामात बायका टोपल्या भरायला गेल्या. जुरागान म्हणजे बडा धनी. त्याला किनाऱ्यावर धक्का बांधायचा होता आणि त्यासाठी सगळी मिठागरं हवी होती. सगळ्यांनी दिली. एक वास्ताम देत नव्हता. बापाची जमीन आहे, मुलाला द्यायची आहे, एवढंच म्हणायचा.

एका बाईने ढिगात फावडं घातलं ते केसांना लागलं. वास्ताम त्या ढिगात होता. मिठाने त्याची कातडी सुकून बोंबलासारखी आवळली होती आणि ओठ मागे ओढले जाऊन दात उघडे पडले होते. उजवा हात मनगटापासून तोडलेला होता. तो पंजा त्या ढिगात नव्हता. बायकांनी सगळं मीठ उपसलं, पण सापडला नाही. त्याची बायको दारसेम आली, तिने त्याचा डावा हात धरला आणि ती उजवा शोधत राहिली, असं तारकिनीने कचेरीत येऊन सांगितलं.

दुपारपर्यंत साक्षीदार उभा राहिला. गोदामाचा देखरेख्या कारसाद. शहरातून जुरागानबरोबर आलेला माणूस. तो म्हणाला, सोमवारी संध्याकाळी मी लालतोंड्याला डोळ्यांनी पाहिलं. वास्तामने सोमवारीच जमीन जुरागानला विकून कागदावर अंगठा उठवला होता, त्याचा लालतोंड्याला राग आला. त्याने कोयता उगारला आणि ओरडला, “वास्ताम, जमीन विकणाऱ्याचा अंगठा राहत नाही!”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक टपरीवर पोचलं होतं. मित्रांनो, ते वाक्य लोकांनी चहाबरोबर चघळलं. कारसादसारखा आवाज काढून एकमेकांना म्हणून दाखवलं.

मग गावाला लालतोंड्या हवा होता. सानुरी नावाचा एक सायकल-रिक्षावाला होता, अजून एखाद्या लग्नात क्लाना नाचायचा. त्याच्याकडे दुराकमाननेच केलेला मुखवटा होता, माझा धाकटा भाऊ म्हणा. लोक त्याच्या घरावर चालून गेले. त्याला रस्त्यावर ओढलं, त्याच्या मुलीसमोर मारलं, घर पेटवलं. पोलिसांनी त्याला नेलं तेव्हा तो एका डोळ्याने बघू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी गावातले होते नव्हते तेवढे मुखवटे शाळेच्या मैदानात गोळा केले आणि जाळले. हो, तुमच्याच शाळेच्या. दुराकमान तेव्हा म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला होता, हात थरथरायचे. जळणाऱ्या रंगाचा वास त्याच्या खिडकीतून आत येत होता. आमच्या घराण्यातला मी एकटा उरलो, कारण मी एका वकिलाच्या खुंटीवर पिशवीत होतो.

कादमिराने सानुरीचं वकीलपत्र घेतलं. त्या दिवसापासून कचेरीच्या जिन्यावर रोज कुणीतरी घाण टाकायचं. खालचा टपरीवाला चहा द्यायचा बंद झाला.

“खुन्याच्या वकिलाला चहा नाही,” तो तारकिनीला म्हणाला.

“मग पाणी दे.”

“समुद्रात आहे की. जा, पी.”

तिच्या स्कूटरवर कुणी कुजक्या कोळंबीचं पाणी ओतलं. ती स्कूटर धुऊन वर आली तेव्हा कादमिरा मला पिशवीतून काढत होता.

“कुठे निघालात?”

“जुरागानच्या घरी. विक्रीचा कागद त्याच्या कपाटात असणार.”

तारकिनीने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि खण बंद करून किल्ली मुठीत धरली. “तो कागद गावकचेरीत नोंदवला असणार. मी नकलेसाठी अर्ज करते. तीन आठवडे लागतील.”

“तीन आठवडे! तोवर सानुरीला आत मारून टाकतील.”

“आणि चोरलेला कागद तुम्ही कोर्टात दाखवलात तर बाहेर मारून टाकतील. बसा खाली, पाक.”

तो बसला. नक्कल तीन नाही, पाच आठवड्यांनी आली, पण शिक्का मारलेली आली. कागदाची तारीख सोमवारचीच होती. आणि दारसेम शपथेवर सांगत होती की नवरा शनिवारी सकाळी मिठागरात गेला तो परतलाच नाही. शनिवारी नाहीसा झालेला माणूस सोमवारी कचेरीत अंगठा द्यायला आला कसा? कादमिराने कोर्टात तोच सवाल केला. “बाईसाहेब, वास्ताम कचेरीत गेला नव्हता. त्याचा अंगठा एकटाच गेला होता.”

हे मला तारकिनीच्या बोलण्यातून कळलं. पण सरकारी वकील उठला. मिठात पुरलेल्या प्रेताची वेळ डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही, तो म्हणाला. बायको नवऱ्याशी भांडलेली असेल, तो दोन दिवस दुसरीकडे राहिला असेल. गावकचेरीचा कारकून म्हणतो, वास्ताम स्वतः आला होता. आणि शेवटी, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आहे.

सगळं कारसादवर येऊन थांबलं होतं. आणि कारसाद खोटं बोलतो हे दाखवायला कुणा मोठ्या वकिलाची गरजच नव्हती. मुख्य न्यायाधीश बाई मेदानहून बदलून आलेल्या, सरकारी वकील जकार्ताचा, पोलीस अधिकारी आणखी कुठला. त्यांना मुखवटा म्हणजे दोरीने बांधायची वस्तू वाटत होती. पण मागच्या बाकांवर तगालासिनचे दीडशे लोक बसले होते. मला घातलेला माणूस ओरडू शकत नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांची घरं जुरागानच्या जमिनीवर होती.

मुखवटा दातांत धरतात असा दुराकमानचा जबाब लिहून घेतला, तर सरकारी वकील म्हणाला, हा आरोपीचा स्नेही. मुखवटा दाखवा, तो म्हणाला. मुखवटे तर जळाले होते. मी सोडून.

त्यानंतर दोन तारखा पडल्या आणि दोन्ही तारखांना कादमिराने मुदत मागून घेतली. दुसऱ्या मुदतीच्या दिवशी दुपारी तारकिनीने खण उघडला आणि मला त्याच्यासमोर टेबलावर आपटलं. माझ्या कपाळाला अजून तो टवका दिसतो.

“सानुरीचा दुसरा डोळा पण सुजलाय. आज भेटून आले. आणि तुम्ही मुदती मागताय.”

“हा मुखवटा कोर्टात नेला तर कुणाचा म्हणून विचारतील.”

“विचारू दे.”

“अकरा घरं, नोक. अकरा गुन्हे. सनद जाईल. मी वकील नसलो तर कोण आहे?”

“ते मला काय माहीत! अकरा अंगणांत छाती काढून नाचलात, तेव्हा कोण होतात?”

मित्रांनो, मी तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या क्षणी म्हटलं. आणि ज्या माणसाचा घाम माझ्या लाकडात मुरला होता त्याची मला शिसारी आली. दुसऱ्यांची कपाटं फोडताना तो शूर होता. आता स्वतःचं एक नाव सांगायचं होतं, तर त्याची पाचावर धारण बसली होती.

तारकिनी खाली बसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “ठीक आहे. मी म्हणेन माझा आहे.”

“काय?”

“सनद मिळून मला एकच महिना झालाय. गेली तर गेली. मी म्हणेन, लालतोंड्या मीच.”

कादमिराने मला उचललं, उलटं केलं आणि चामड्यावरच्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. त्याचा पुढचा एक दात लहानपणी अर्धा तुटला होता. तिथे चामड्यावर खळगा नव्हता, उंचवटा राहिला होता. “तुझे दात पूर्ण आहेत,” तो म्हणाला. “पकडली जाशील.” मग तो उठून जिना उतरला आणि त्याने जिन्यावरची घाण स्वतः झाडूने काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पुढच्या तारखेला मी पिशवीतून कोर्टात गेलो. कारसादची उलटतपासणी तारकिनीने घेतली.

“लालतोंड्याच्या तोंडावर कुठला मुखवटा होता?”

“सानुरीचाच. दहा वेळा पाहिलाय मी.”

“पूर्ण वेळ तोंडावर होता? वर केला नाही, काढला नाही?”

“अजिबात नाही.”

“त्याचे हात कुठे होते?”

“एका हातात कोयता. दुसऱ्या हाताने वास्तामची मानगूट धरली होती.”

“आणि तो ओरडला.”

“केवढ्याने! गोदाम दणाणलं.”

तारकिनी वळली. कादमिरा आपल्या जागेवरून उठला, पिशवी उघडली आणि त्याने मला न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं. मागच्या बाकांवरचे लोक माना उंचावून बघायला लागले. इतक्या दिवसांनी त्यांनी एक मुखवटा पाहिला होता.

“हा लालतोंड्याचा मुखवटा आहे,” कादमिरा म्हणाला. “सानुरीच्या मुखवट्याचा भाऊ, एकाच हाताचा. आणि हा माझा आहे. लालतोंड्या मी आहे. अकरा घरांत मी शिरलो. त्याची शिक्षा मला द्या. पण आधी याला विचारा, हा घालून बोलता येतं का?”

सरकारी वकील ओरडत उठला. न्यायाधीश बाईंनी त्याला बसवलं. त्यांनी मला हातात घेतलं, आतून पाहिलं, दोरी शोधली, सापडली नाही. चामड्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. त्या हुशार होत्या. त्यांनी कारसादकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “साक्षीदाराने हा घालावा. हात खाली ठेवावेत. आणि ते वाक्य पुन्हा म्हणावं.”

मित्रांनो, आता जे सांगतो ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. कारसादचे दात माझ्या पट्टीवर आले तेव्हा ते कडकडा वाजत होते. मी मीमीचे दात ओळखायचो, कादमिराचे ओळखायचो. हे दात एखाद्या पकडलेल्या घुशीसारखे होते. त्याने मला धरलं, श्वास घेतला आणि वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. “ऊं-हां, अंई…” एवढंच आलं. त्याने जोर केला. दात सुटले आणि मी त्याच्या पायावर पडलो.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा घातला. पुन्हा ऊं-हां. तिसऱ्यांदा त्याचा हात आपोआप मला धरायला वर आला.

“हात खाली,” तारकिनी म्हणाली. “तुमच्या एका हातात कोयता आहे. दुसऱ्यात वास्ताम.”

कारसादने मला काढलं. त्याची दातखीळ बसली होती. त्याने मागे पाहिलं, तिथे पहिल्या बाकावर जुरागान दुलमानान होता आणि तो उठून दाराकडे निघाला होता. तो निघालाय हे बघितलं आणि कारसादची वाचा परत आली.

“एकट्याला सोडून कुठे चाललात?” तो किंचाळला. “मी फक्त पाय धरले होते! शनिवारी! कोयता तुमच्याच हातात होता!”

दाराशी दुलमानानला दारसेमने अडवलं. ती एवढंच विचारत होती, “हात कुठंय त्यांचा? हात कुठंय?”

हात सापडला. दुलमानानच्या शेडमध्ये कोळंबीचं वाटण आंबवायची पिंपं होती. सोमवारी कागदावर अंगठा उठवून झाल्यावर तो पंजा चौथ्या पिंपात टाकला होता. सडून गेला असता तर कुणाला कळलंही नसतं, पण मीठ जास्त होतं. दारसेमने तो पांढऱ्या कापडात गुंडाळून नवऱ्याच्या कबरीत त्याच्या जागी पुरला. त्या वर्षी तगालासिनमध्ये कुणी कोळंबीचं वाटण जेवणात घातलं नाही.

सानुरी सुटला, एक डोळा गमावून. दुलमानान आणि कारसाद आत गेले. कादमिराही गेला, दोन वर्षांसाठी, आणि त्याची सनद कायमची गेली. बाहेर आल्यावर तो त्याच कचेरीत तारकिनीच्या हाताखाली अर्ज लिहायचा. पाटीवर नाव तिचं होतं. पुढे या ओसरीवरून जाताना तो माझ्याकडे बघायचा, पण त्याने मला परत कधी घातलं नाही. मी पुराव्याच्या खोलीत चार वर्षं काढली, गळ्यात नंबर बांधून, एका गंजक्या कोयत्याशेजारी. तो कोयता तोच होता. चार वर्षं त्याच्या शेजारी पडून राहायचं काय असतं, ते तुम्हाला नाही सांगत. तारकिनी दर सहा महिन्यांनी अर्ज करायची. शेवटी मी सुटलो आणि तिने मला सानुरीला दिलं, कारण त्याचा जळला होता.

त्याच आठवड्यात गाव सानुरीच्या नव्याने उभारलेल्या घराच्या दारात आलं. दर्याला नैवेद्य द्यायचा सण जवळ आला होता. सरपंच होता, टपरीवाला होता, तीस-चाळीस माणसं होती. हातांत फुलं, नवं बाटिकचं कापड, केळीचे घड. तोंडं अशी गोड की मुंग्या लागाव्यात.

“कांग सानुरी,” सरपंच म्हणाला, म्हणजे आता तो दादा झाला होता, “यंदा नाच तूच करायचा. लालतोंड्या आपल्या गावाची शान आहे.”

सानुरी ओसरीच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्या मांडीवर होतो. त्याने फुलं घेतली नाहीत. उरलेल्या डोळ्याने तो एकेकाकडे बघत राहिला. मग टपरीवाल्याला म्हणाला, “दास्का, मुखवटा ओरडला असं कारसादने सांगितलं, तेव्हा तू चहा गाळत होतास. तुझा आजा ढोलकी वाजवायचा. मुखवटा ओरडत नाही हे तुला ठाऊक नव्हतं?”

दास्काने पायांकडे पाहिलं.

“तासिरा, तू माझ्याबरोबर नाच शिकलायस. तुला ठाऊक नव्हतं? काडिला, तू मुखवटे गोळा करून आणलेस, एकेक हाताळलास. तुला?”

तो नावं घेत गेला. कुणी उत्तर देईना, कुणी जाईना. शेवटी सरपंच म्हणाला, “झालं गेलं सोड की आता. सगळे घाबरलेले होते. पोटाला जुरागानच देत होता.”

“घाबरलात हे समजलं मला,” सानुरी म्हणाला. “गप्प बसला असतात तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही गप्प कुठे बसलात? ते वाक्य तुम्ही घरोघरी पोचवलंत.”

तो मला घेऊन उठला, आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मरेपर्यंत तो नाचला नाही. मला त्याने या ओसरीवर टांगलं, तोंड रस्त्याकडे करून, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. आज त्याची मुलगी माझी धूळ झटकते.

मित्रांनो, अशा हकिकतीच्या शेवटी माझ्यासारख्याने विनंती करायची असते, की जुन्या वस्तूंना जपा, त्यांना ऊन-पाणी लागू देऊ नका. मला ऊन-पाणी लागलं तरी चालेल. माझी विनंती वेगळी आहे. त्या सकाळी या ओसरीसमोर तीस-चाळीस माणसं उभी होती. त्यांतले बरेचजण अजून आहेत, तुम्हाला शाळेत सोडायला येतात, खाऊ देतात, गोष्टी सांगतात. आज घरी गेलात की तुमच्या आजोबांना विचारा, मुखवटा बोलतो का हो? आणि ते काय म्हणतात त्यापेक्षा, म्हणायच्या आधी किती वेळ थांबतात, तेवढं बघा.